कपडे बदलायच्या खोलीतला तपास

वॉटर पार्कमधली ती दुपार माझ्या नजरेसमोरून अजून हलत नाही. तो तपास माझ्या नणंदेने केला. त्या पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाल्या आहेत. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. स्वतःच्या केसेसबद्दल त्या कधी बोलत नाहीत, म्हणून जे मी पाहिलं ते लिहून ठेवते.

मे महिन्यात आम्ही घरचे नऊ जण तेलगावहून जीप करून हायवेलगतच्या एका मोठ्या वॉटर पार्कला गेलो होतो. भोंगा वाजला की तिथल्या तलावात लाटा उठायच्या. साठी ओलांडलेल्या अक्का आमच्या घरच्या पोरींचे हात धरून त्या लाटेत उभ्या होत्या. मला पाण्यात उतरायचे ते नायलॉनचे कपडे घालायची लाज वाटली, म्हणून मी पिशव्या सांभाळत काठावर बसले.

तीनच्या सुमाराला बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू आला, म्हणून मी आत गेले. एका बाईच्या सुनेचं मंगळसूत्र लॉकरमधून गेलं होतं. लॉकरची एक किल्ली सुनेच्या मनगटाला होती, दुसरी तिथं काम करणाऱ्या बाईकडे. सगळे त्या बाईवरच तुटून पडले होते.

"हिची झडती घ्या आदी," सासू म्हणत होती. "सोनं दिसलं की ह्यांचा हात न्हाई राहात."

ती कामाची बाई शिरूर कासारची होती. "बघा, माझी पिशवी बघा," ती म्हणाली. "लग्न झाल्यापसून ऊसतोडीला जात होते. औंदा पयल्यांदा पोरी एका शाळंत टिकल्यात. चोरीचं नाव लागलं तर परत कोयता घ्यावा लागंल."

मॅनेजरने दारातूनच तिच्याकडच्या किल्ल्या मागून घेतल्या. म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

एवढ्यात अक्का ओल्या अंगानेच आत आल्या. "कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा न्हाई. मी खात्यातून निवृत्त झालेली हाय. पोलिसांना बोलवा, ते पंचांसमोर झडती घेतील. तवर मी दोन गोष्टी विचारते."

आधी त्यांनी लॉकर पाहिला. कुलूप नीट होतं. मग सुनेला विचारलं, मंगळसूत्र कशात ठेवलं होतं? रुमालात, ती म्हणाली. जरा वेळाने तेच दुसऱ्या रीतीने विचारलं, तर पर्समध्ये म्हणाली. मधे मधे सासूच उत्तर द्यायची.

"मावशी, हा जबाब तिचा हाय," अक्का म्हणाल्या. "तुमचा नंतर घेते. त्याला कागद लई लागंल."

दोघीचौघी हसल्या. सून हसली नाही.

आमच्याकडे मंगळसूत्र काढावं लागलं तर गळा मोकळा ठेवत नाहीत. हळदीने पिवळ्या केलेल्या दोऱ्यात हळकुंड बांधतात. सुनेच्या गळ्यात ते होतं. पाण्यात उतरताना बांधलं, असं ती सांगत होती.

अक्कांनी मला बाजूला घेतलं. "वयनी, मी लग्न केलं न्हाई, मला ह्यातलं कळत न्हाई. तिच्या गळ्याकडं बघा अन् सांगा."

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. मी त्यांच्या कानात सांगितलं, "आज बांधला असता तर हळद उतरून गळा पिवळा झाला असता. हा दोरा पार पांढरा पडलाय. आठ-दहा आंघोळी झाल्यात ह्याच्या."

अक्कांनी सासूला मॅनेजरबरोबर लेखी तक्रार द्यायला पाठवलं. मग सुनेशेजारी बाकावर बसल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"कवा हरवलं, बाळ?"

ती रडायला लागली. घाटनांदूरला भावाच्या लग्नात गर्दीत कुठंतरी पडलं होतं. तेव्हापासून ती पदर लपेटून वावरत होती. आज पाण्यात सासूला दोरा दिसला, म्हणून लॉकरचं नाव सांगितलं.

"चोरी झाली असं मी म्हणले न्हाई. आत्याबाईच म्हणल्या."

"न्हाई झाली, असं बी तू म्हणली न्हाईस."

"मग आता आत्याबाईंना काय सांगू?" सुनेनं विचारलं.

"तुझ्या सासूला मी सांगते. रागावतील, पण वस्तू हरवणं गुन्हा न्हाई. त्या बाईला मात्र तूच सांगायचं. आळ सगळ्यांसमोर आलाय, तर सांगायचं बी सगळ्यांसमोर."

अक्कांनी सासूला आणि मॅनेजरला परत बोलावून घेतलं, सासूला हरवल्याचं सांगितलं. सून उठली आणि त्या बाईला सगळ्यांसमोर खरं काय ते बोलली. सासूने हात उगारला, पण अक्का मधे उभ्या राहिल्या. त्यांच्या उभ्या राहण्यातच असं काही होतं की तो हात खाली आला. मग त्यांनी मॅनेजरकडे नुसतं पाहिलं. त्याने किल्ल्यांचा जुडगा त्या बाईच्या हातात परत दिला, "उद्या टायमात ये" म्हणाला. बाईने डोळे पुसले आणि सुनेला विचारलं, "ताई, सामान काढलं का? लॉकर दुसऱ्याला द्यायचाय."

परत येताना जीपमध्ये मी अक्कांना विचारलं, मला कशाला विचारलंत? त्या म्हणाल्या, "ज्याला ठाऊक हाय त्यालाच विचारावं लागतं. खात्यात हे शिकायला मला लई वर्षं लागली."

त्या खोलीत झडती घ्यायला सगळे तयार होते, विचारायला कुणी तयार नव्हतं. अक्कांनी विचारलं, म्हणून त्या बाईच्या पोरी शाळेत राहिल्या.