खालच्या बांधीतलं पाणी

आमच्या घरी पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा ती वाटायचे, मी घड्या घालायची. अन्याय दिसला की आवाज चढवायचा, ही सवय मला तेव्हाच लागली. भिंतीतली ओल ओळखायला मात्र कुठल्याच पत्रकाने शिकवलं नाही.

नदीकाठच्या कारध्यात आमच्या भाड्याच्या खोलीत दोनदा नदीचं पाणी शिरलं. बाबा गेल्यावर आईने ठरवलं, आता राहायचं तर वरच्या मजल्यावर. अंगणवाडीच्या नोकरीत तिने साठवलेल्या पैशांत भंडाऱ्यात एकच फ्लॅट बसत होता. जुनी इमारत, पहिला मजला. घर घेऊन थोडे पैसे हाती उरणार होते.

"मावशी, वरचा खर्च काहीच नाही," दलाल म्हणाला. "आत्ताच रंग मारला."

गुलाबी, गुळगुळीत भिंती. मला घर आवडलंही होतं. आईने बाथरूमच्या जाळीत फडकं कोंबलं, नळ सोडला, अर्धा तास थांबली आणि जिना उतरू लागली.

"खाली कायले जाता?" दलालाने विचारलं.

"बांध कुठं फुटला ते वरच्या बांधीत नाही दिसत, बाबू. खालच्या बांधीत पाहा लागते." आई पवनीकडच्या धानशेतीत वाढलेली; बांधी म्हणजे तिकडचा बांध घातलेला धानाचा तुकडा.

खालच्या बाईंच्या स्वयंपाकघरात छत काळं पडलं होतं. ओट्यावर गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवलेला, त्यात पाणी टपकत होतं. "वर कोणी न्हायलं का माह्या वरणात पाणी वाढते," त्या हसून म्हणाल्या.

"तो खालच्यांचा प्रॉब्लेम आहे," दलाल म्हणाला.

मी भडकले. घरमालकाला रंगाला पैसे मिळतात आणि दुसऱ्याच्या ताटात पडणारं पाणी थांबवायला मिळत नाहीत, असं बरंच बोलले.

"झालं भाषण? आता मिस्त्री बोलाव," आई म्हणाली.

मिस्त्रीने फरशी ठोकून पाहिली, पोकळ वाजली. भिंतीतले लोखंडी पाइप गंजलेले. स्विचबोर्ड उघडला तर वायरचं आवरण बोटात चुरलं. बाथरूम स्लॅबपर्यंत फोडून वॉटरप्रूफिंग, पाइप, सगळी वायरिंग. शिवाय गच्चीच्या दुरुस्तीत आमचा वाटा. मालकाने फक्त बाथरूमपुरती किंमत उतरवली. बाकीच्यात आमची सगळी शिल्लक जाणार होती.

"सोड हे घर," मी म्हणाले.

"दुसरा कोणी घेईन, तो बी रंगच मारीन. मंग त्या बाईनं काय करावं? अन् मी पुन्हा नदीची वाट पाहू काय?"

आम्ही घर घेतलं. ओटा तडकलेलाच आहे, एक खिडकी दोरीने बांधून ठेवतो, गुलाबी रंग तसाच आहे.

काम झाल्यावर आई पहिल्यांदा आंघोळीला गेली, तेव्हा मी खालच्या बाईंसोबत त्यांच्या ओट्याशी मान वर करून उभी होते. वरून आईची हाक आली, "आलं काय वं खाली?"

बाईंनी रिकामा गंज उचलून मोरीत ठेवला. "नाही आलं! न्हा आरामात!"