एमिलला आधी चढवलं

२००६ च्या ऑगस्टमध्ये मी वॉशिंग्टन राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यात, सार्जंट होतो. बॉथेल गावातल्या माझ्या काकू आजही विचारतात, "मग कुठल्या लढाईवर होतास रे?" मी सांगतो, वणव्यावर. त्यांचा उत्साह लगेच मावळतो.

चार ट्रक घेऊन आम्ही डोंगरातल्या एका मूलनिवासी गावात पोचलो. रस्ता एकच. ऑर्डर अशी: १५०० पर्यंत, म्हणजे दुपारी तीनच्या आत, गाव रिकामं करा, माणसं शहरातल्या शाळेच्या जिममध्ये न्या, म्हातारे आणि आजारी आधी.

गावच्या कौन्सिलची प्रमुख डोना यादी पाहून म्हणाली, "सार्जंट, आमचा प्लॅन ठरलेला आहे. आम्ही नदीकाठच्या वाळूवर जातो. अख्खं घर एकत्र निघतं. सगळ्यांत वडील माणूस आपली माणसं मोजतो आणि शेवटी निघतो."

"मॅम, ऑर्डर वरून आहे."

"गाव आमचं आहे."

मी घड्याळ पाहिलं. १३२०. तिचं म्हणणं रेडिओवर कळवायलाही थांबलो नाही. हातात यादी आली की माणसाला शिंगं फुटतात.

पहिलं नाव एमिलचं. वय पंच्याहत्तर, कोरियाच्या युद्धातला कॉर्पोरल. मी हात देऊन त्याला ट्रकवर चढवलं.

"माझी बहीण रोझ घरात आहे. तिला दिसत नाही."

"यादीत तिचं नाव पुढच्या ट्रकवर आहे, सर."

"अजून मी मोजलं नाहीये."

मी ट्रकच्या फळीवर थाप मारली. ट्रक निघाला.

१४१० ला रेडिओ वाजला. "चेकपॉइंटवर एक माणूस कमी. एमिल. ओव्हर."

तो वाटेतच उतरून पायवाटेनं घराकडे परतला होता. रोझला घेऊन दुसरा ट्रक त्याच वेळी रस्त्यानं खाली येत होता. मी त्या ट्रकमागेच होतो; आमची हमवी जीप परत गावाकडे वळवायला लावली. पुलापाशी आग रस्त्यावर आली होती.

"टर्न अराउंड, सार्जंट," लेफ्टनंट रेडिओवर म्हणाले. "दॅट्स ॲन ऑर्डर."

मी वळलो. ड्रायव्हरसमोर रडलो.

दुसऱ्या दिवशी एमिल घरामागे सापडला. नदीकाठच्या वाळूला धगसुद्धा लागली नव्हती.

दफनाच्या वेळी शवपेटीवरच्या झेंड्याची घडी मी रोझच्या हातात ठेवली. तिनं माझा हात धरून ठेवला.

"त्याला ट्रकवर चढवणारा तूच?"

"हो, मॅम."

मग ती म्हणाली, "जेवून जा."

शिवी दिली असती तर सोसली असती. मी जेवलो.

कॉर्पोरल एमिल. कोरियातून जिवंत घरी आलेला माणूस. मी त्याचं ऐकलं नाही.