काका, मामा, आजी, वहिनी

माझे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात क्लॅरिनेट वाजवून माझं डोकं उठवतात. आधी साधं जॅझ होतं, तेही मी सोसलं. मग कामावर एक तुर्की मिस्त्री आला. जेवणाच्या सुट्टीत तो हत्यारांच्या पेटीवर त्यांच्याकडचा नऊ मात्रांचा ताल धरायचा: दोन, दोन, दोन आणि शेवटी तीन. झालं! भाऊजींना वेडच लागलं. वर्षभर खपून त्यांनी त्या तालावर जॅझची एक रचना बांधली. त्यांची खोली स्वयंपाकघराला लागून, त्यामुळे ती मला त्यांच्याआधी पाठ झाली.

अडलं ते त्यांच्या बँडमधल्या ड्रमवाल्यापाशी. तो पेशाने दातांचा डॉक्टर, माणूस अगदी गरीब स्वभावाचा. पण शेवटची मात्रासुद्धा दातासारखी उपटायचा. नवाच्या आठ व्हायच्या आणि बाकीचे तोंडघशी पडायचे. रविवारी दुपारी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता. शुक्रवारी भाऊजी म्हणाले, "वैनी, परवा हे बसलं नाही तर संपलं. क्लॅरिनेट माळ्यावर. पन्नाशीला आल्यावर हसं कशाला करून घ्यायचं?"

मी कितीही कटकट करीन, पण ती खोली गप्प झालेली मला सोसली नसती.

शनिवारी तालमीत चहा घेऊन गेले, तर डॉक्टर घामाघूम होऊन आकडे मोजत होते.

"अहो डॉक्टर, आकडे सोडा, नातेवाईक मोजा," मी म्हटलं. "काका, मामा, आजी, वहिनी. अक्षरं मोजा, बरोबर नऊ!"

त्यांनी काठ्या उचलल्या. पुन्हा आठच!

"तोंडाने म्हणा बघू."

"काका, मामा, आजी, वैनी."

"अगं बाई! वैनी नव्हे हो, व-हि-नी! बावीस वर्षं झाली मला या घरात येऊन, सगळे माझं एक अक्षर खातायत!"

भाऊजी हसून हसून खुर्चीत बसले. डॉक्टर ओशाळले, पण मात्रा सापडली.

रविवारी मी तिसऱ्या रांगेत जीव मुठीत धरून बसले. सुरुवात झकास झाली. डॉक्टरांचे ओठ हलत होते. पण मध्येच, भाऊजींचं एकट्याचं वादन संपून सगळे परत शिरताना, काठ्या चुकल्या. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी थेट माझ्याकडे पाहिलं. मी एवढा मोठा आ करून "व-हि-नी" केलं, की शेजारचे गृहस्थ सरकून बसले. पुढच्याच फेरीला ताल जागेवर आला, तो शेवटपर्यंत हलला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा मी चक्क रडत होते. सुटले बाई एकदाची!

घरी आल्यावर भाऊजींनी क्लॅरिनेट पुसलं आणि माळ्याकडे न बघता टेबलावर ठेवलं.

"वहिनी," ते म्हणाले. तिन्ही अक्षरं. "पुढची रचना सात मात्रांची बांधतोय. आजीला वगळावं लागेल. तुम्हाला नाही."