धावजीबाबांची झोळी

जुना दोर घेऊन गेलं की धावजीबाबा चहाचंही विचारायचे नाहीत. दोर बोटांनी चाचपत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "ह्याच्यावर कुनी पडलं व्हतं का?"

राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्याच्या वरच्या टेपावर महादेव कोळ्यांची चार घरं होती. तीन घरांना कुलूप, चौथ्यात बाबा एकटे. नव्वदच्या दशकात आम्ही पुण्याची मंडळी तिकडे कडे चढायला जायचो आणि बाद झालेले दोर-पट्टे त्यांच्या ओट्यावर टाकून यायचो. बाबा दोराचं रंगीत साल सोलून त्याची शिंकी विणायचे, बैलासाठी म्होरकी करायचे, कमरेच्या पट्ट्यांतून कोयता अडकवायची आकडी शिवायचे. म्होरकीचे लाल-निळे गोंडे तर असे, की बैलानंही ऐटीत चालावं. हे सगळं नसरापूरच्या बाजारात विका म्हटलं, तर म्हणायचे, "बाजारात कशाला? हितं मागाया कुनी आलं म्हंजी दोन शबूद तरी बोलून जातं."

माणूस झेललेल्या दोराला मात्र त्यांचा वेगळा कायदा होता. "पडत्याला धरलं त्येनं. त्येच्यात लेकरूच निजवायचं. दुसरं काय बी करायचं न्हाई." अशा दोराची ते बाळासाठी झोळी विणायचे.

एका हिवाळ्यात मीच कड्यावरून निसटले. दोरानं झेललं, गुडघा सोलवटला आणि तोरा उतरला, एवढंच. तो दोर रीतसर बाबांकडे गेला. पुढच्या खेपेला पाहिलं, तर त्याची झोळी त्यांच्याच घरात आढ्याला टांगलेली आणि आत वरवंटा निजवलेला!

"बाबा, बारसं कुणाचं?" मी हसत विचारलं.

"नातवाचं. पोरगा भोसरीला कंपनीत हाये न्हवं, त्येला पोरगा झालाय. दिवाळीला घेऊन येत्यात."

"मग हा वरवंटा?"

"रिकामी झोळी वाऱ्यानं हालती. रिकामी हालू दिऊ न्हाई."

दिवाळी झाली, शिमगा झाला. कोणी आलं नाही. वरवंटा झोळीतच राहिला. मी विचारणं सोडलं, तरी बाबा आपणहून सांगायचे, "औंदा भात झोडायला येत्यात." पुढच्या वर्षीही तेच. त्या घरातून माझा पाय निघत नसे.

मग माझं लग्न झालं, मुलगी झाली आणि कडे सुटले. ती सात महिन्यांची असताना बाबांना दाखवायला घेऊन गेले. बाबा फार खंगले होते. एसटीच्या धक्क्यांनी पोर किरकिरत होती. बाबांनी वरवंटा काढून भिंतीशी ठेवला, झोळी झटकली आणि तिला आत निजवलं. झोका देत घोगऱ्या आवाजात काहीतरी गुणगुणले. पोर लगेच झोपली. तिच्याकडे बघता बघता त्यांचे डोळे वाहू लागले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

पोर उठली, आम्ही निघालो, तेव्हा बाबा झोळीच्या गाठी सोडू लागले.

"अहो बाबा, असू द्या. नातू येईल ना!"

"त्यो आता साळंत जातुया, ताई. झोळीत मावायचा न्हाई." गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी ढिली केली. "तुमाला झेललेला दोर हाये. तुमच्या लेकीला न्या."

मला हुज्जत घालवली नाही. झोळी काखेत मारली आणि पोरीला कडेवर घेऊन टेप उतरायला लागले. खालच्या वळणावर पोरीला म्हटलं, आजोबांना टाटा कर.

बाबांचं लक्ष नव्हतं. ते ओट्यावर बसले होते. मांडीवर वरवंटा होता आणि मांडी हळूहळू हलत होती.