भिंतीतले गोचीड

सीताबाईंची गाय तिसऱ्या दिवशीही उठली नाही. ताप एकशे सहा. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. पापणी उलटून पाहिली तर आत पांढरंफटक. कानाची शीर टोचून मी स्लाइडवर रक्ताचा थेंब घेतला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वर्ध्याकडच्या आंजीजवळच्या एका खेड्यात मी गुरांचा डॉक्टर होतो. घर दूर साताऱ्याकडे, लग्न व्हायचं होतं. लोक काम झालं की आपापल्या वाटेनं जात. ‘बसा’ म्हणणाऱ्या एकट्या सीताबाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्यांची ही संकरित गाय, म्हणजे गावरान गायीची जर्सी वळूपासूनची वासरी, माझ्याच हातच्या कृत्रिम रेतनातून जन्मलेली. गाव तिला ‘इंजेक्शनची गाय’ म्हणायचं.

स्लाइड घेऊन एसटीनं वर्धा गाठलं. तिथल्या गुरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

“थायलेरिया.”

गोचीड चावला की हा परजीवी रक्तात शिरतो आणि लाल पेशींचा फडशा पाडतो. गावरान गुरं बहुधा निभावून नेतात. संकरित गाय कोसळते.

“औषध, साहेब?”

“हमखास नाही. टेट्रासायक्लिन देऊन बघा. गाय चरायला कुठं जाते?”

“जातच नाही. गोचीड लागू नयेत म्हणून मीच बंद करायला सांगितलं.”

“मग आले कुठून?”

औषध घेऊन मी संध्याकाळची एसटी पकडली. परत येऊन इंजेक्शन दिलं आणि प्रथमच खोली नीट पाहिली. हो, खोलीच. गाय बाहेर जाऊ नये म्हणून बाईंनी ती घरात, आपल्या बाजेशेजारी बांधली होती. मागच्या मातीच्या भिंतीला भेगा. एकीत काडी फिरवली, तर मूठभर गोचीड खाली पडले.

सकाळी गाय गेली.

“माह्यं काई चुकलं का, डाक्टरसाहेब? तुमी सांगतलं तशीच बांधून ठेवली. घरात तिच्याशीच बोलत राहो मी.”

“तुमचं नाही, मावशी. माझं चुकलं. भिंती बघायला हव्या होत्या.”

“मंग तवाच काऊन नाई पायल्या?”

मी बॅग उचलून निघालो. पुन्हा त्या घरी जायचं धाडस झालं नाही. बदली होईपर्यंत गावात बोलायला कुणी नव्हतं, आणि त्या एकटेपणाची तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

पुढे नोकरीभर कुठल्याही गोठ्यात शिरलो की जनावराआधी भिंत बघायचो. ‘चरायला सोडू नका’ एवढं सांगून निघून यायला डॉक्टर लागत नाही.