माशांचा सांभाळ

आमचे हे कापड रंगवायच्या कारखान्यात वीस वर्षं घाण पाणी साफ करतात. करतात म्हणजे काय, पाणी साफ करायचं यंत्र वीज खातं म्हणून बंदच असतं. तपासनीस फाटकाशी आला की हे धावत जाऊन बटण दाबतात. पगार त्या धावण्याचाच मिळतो म्हणा ना.

मग कापड घेणाऱ्या बड्या कंपनीनं दम भरला: नाला सुधारा, नाहीतर ऑर्डर बंद. झालं, मालकांना पर्यावरणाचा एकदम पुळका आला. जाडजूड धोरण छापलं, भिंती हिरव्या रंगवल्या आणि एक पर्यावरण साहेब आणून बसवले. साहेबांनी फाटकाशी काचेची टाकी मांडली. कारखान्याच्या पाण्यात मासे पोहताना दिसले पाहिजेत म्हणे. बिचारे मासे दोन दिवसांत उलटे झाले. तेव्हापासून नवे मासे आणून टाकीत गुपचूप पिण्याचं पाणी भरायचं काम यांच्या गळ्यात पडलं. ऑर्डर गेली तर पहिली गदा तुमच्यावर, असं साहेबांनी बजावलंच होतं. घरात कमावते हे एकटेच, म्हणून मीही तोंडाला कुलूप लावलं.

त्या कंपनीच्या बाई पाहणीला आल्या. मासे बघून खूश झाल्या. जाता जाता त्यांनी विचारलं, नाल्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचं काय म्हणणं आहे? साहेबांना चेव चढला. यांची सख्खी बहीणच तिथं राहते, यांनाच विचारा, म्हणाले.

हे सरळ बोलून गेले, "तिच्या विहिरीचं पाणी लाल येतं. मी इथून रोज कॅन भरून नेतो."

साहेबांची पाचावर धारण बसली. घरी हे ऐकून मीही कपाळावर हात मारून घेतला.

पण आठवड्यानं बाईंचा अहवाल आला. कारखाना खालच्या वस्तीला शुद्ध पाणी पुरवतो, असं त्यात कौतुकानं लिहिलं होतं. ऑर्डर वाढली. यांचा सत्कार झाला. साहेबांनी लगेच पाणीवाटपाची योजना आखली, आणि ती मंजूर होईपर्यंत कारखान्यातून थेंबही बाहेर न्यायचा नाही, असा कागद भिंतीवर लावला.

काल वन्सं आल्या होत्या. तोवर मी काय पिऊ, एवढंच त्यांनी विचारलं. हे रिकामा कॅन विसळत बसले. आणि मी? यांची नोकरी टिकली म्हणून मला हायसं वाटत होतं. त्याचीच आता लाज वाटते.