पहिल्या बॅचला ताई

नवलाख उंबरे गावातल्या आमच्या केमिकल कारखान्यात ताई खाली आल्या, की आधी रिअॅक्टरच्या, म्हणजे रसायनं मिसळायच्या मोठ्या टाकीच्या, पोटावर तळहात ठेवायच्या, तापलेल्या लेकराच्या अंगावर ठेवतात तसा. शेजारी मीटरवर तापमान दिसत असायचं, तरीही.

ताई वडगाव मावळच्या, केमिस्ट्रीतल्या डॉक्टर. काम वरच्या मजल्यावर, संगणकावर. दोन रसायनं एकत्र केली की किती उष्णता सुटेल, हे त्यांचा प्रोग्रॅम आधीच सांगायचा. जुन्या ढीगभर प्रयोगांवरून तो शिकलेला. आम्हा ऑपरेटर लोकांना त्याचं भारी कौतुक.

"लय हुशार हाय की वो तुमचं यंत्र," मी एकदा म्हणालो.

"हुशार आहे हो, भाऊ. पण त्याला 'माहीत नाही' म्हणता येत नाही. न शिकलेलंही ठोकून देतं. ते 'माहीत नाही' आपण म्हणायचं."

म्हणून नव्या मालाची पहिली बॅच असली की ताई आमच्यात येऊन उभ्या राहायच्या. "आकडा मी दिलाय ना? मग मी इथंच." आम्ही चिडवायचो, "ताई, आता पगारबी आमचाच घ्या." त्या हसून चष्मा सारखा करायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, नसेल तर तुमचं नशीब खोटं.

गेल्या वर्षी एक नवं मिश्रण आलं. प्रोग्रॅम म्हणाला, थंड राहील. ताई म्हणाल्या, "यासारखं त्यानं काही पाहिलेलंच नाही. आधी प्रयोगशाळेत थोडं करून बघू, आठवडा द्या." साहेब म्हणाले, "मग संगणक घेतला कशाला?" आणि बॅच लावायला सांगितली.

ताई आल्या. तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"बाहेर व्हा सगळे."

"आन् तुमी?"

"थंड पाणी पूर्ण सोडते नि आलेच."

आम्ही फाटकापर्यंत पोचलो नाही तोच मागे सगळं फुटलं. ताई आतच राहिल्या. चौकशीत अपघात म्हणाले. अपघात कसला? माझ्या अंगाची अजून आग होते. आठवडाच तर मागितला होता ताईंनी.

आता नवा प्रोग्रॅम आलाय. आकड्याशेजारी स्वतःची खात्री किती टक्के, तेही दाखवतो. परवा नव्या मालाची पहिली बॅच होती. साहेबांनी वरून फोनवर नुसता आकडा सांगितला, टक्के नाही. आम्ही सगळे जिन्याकडे बघत राहिलो. कोणी उतरलं नाही. मग मी हातमोजा काढून रिअॅक्टरवर तळहात ठेवला.

"काय म्हनतंय?" शेजारच्यानं विचारलं.

"न्हाई ठाऊक," मी म्हणालो, आणि थंड पाण्याचा वॉल्व्ह पूर्ण उघडला.